माध्यमिक स्तरावरील कार्बनी रसायनशास्त्राचा परिचय : संज्ञा, संरचना आणि अध्यापनक्रम

प्रस्तावना

विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणारा विद्यार्थी कार्बनी रसायनशास्त्राविषयी एक ठाम मत बरोबर घेऊन येतो. हा विषय पाठांतराचा आहे, असे ते मत. भौतिकशास्त्रात सूत्रे असतात, गणितात रीत असते आणि कार्बनी रसायनशास्त्रात नावे असतात, अशी त्याची समजूत झालेली असते. ही समजूत अकरावी-बारावीत पक्की होत असली तरी तिचे मूळ बहुधा दहावीच्या वर्गात असते. महाविद्यालयीन अध्यापक तिच्या परिणामांशी झगडत राहतात. मुळाकडे मात्र सहसा आपले लक्ष जात नाही.

बालभारतीच्या २०१८ साली लागू झालेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग १ या पाठ्यपुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ हे प्रकरण आहे. सहसंयुज बंधापासून महारेणू आणि बहुवारिकांपर्यंतचा विस्तीर्ण पट त्या एका प्रकरणात बसविलेला आहे. हायड्रोकार्बने, संरचना समघटकता, क्रियात्मक गट, समजातीय श्रेणी, आयुपॅक नामकरण, इथेनॉल व इथेनॉइक आम्लाच्या अभिक्रिया हे सर्व त्यात येते. दहावीनंतर कला, वाणिज्य अथवा व्यावसायिक शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत या विषयाची ही पहिली आणि शेवटची भेट असते. पुढे शेती करणारा, औषधाची बाटली हातात घेणारा, बाजारात आंबे निवडणारा नागरिक कार्बनच्या संयुगांविषयी जे काही जाणतो ते एवढ्याच तासांतून. म्हणून या प्रकरणात काय शिकविले जाते यापेक्षा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत शिकविले जाते, हा प्रश्न केवळ शालेय शिक्षकांचा राहत नाही. प्रस्तुत लेखात या विषयाच्या मोजक्या संकल्पनांचे विवेचन करून त्यांच्या मांडणीविषयी काही विचार मांडले आहेत. रसायनशास्त्राबाहेरील प्राध्यापकही वाचक असणार हे गृहीत धरून रासायनिक सूत्रांऐवजी शब्दांतच वर्णन केले आहे.

‘सेंद्रिय’ की ‘कार्बनी’?

आरंभ एका शब्दापासून करावा लागतो. मराठीत या शाखेस दीर्घकाळ ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ म्हटले गेले आणि अनेक महाविद्यालयांत आजही म्हटले जाते. ‘स’ अधिक ‘इंद्रिय’ अशी त्याची फोड. सजीवांच्या इंद्रियांत, म्हणजे अवयवांत, निर्माण होणाऱ्या पदार्थांचे शास्त्र ते सेंद्रिय आणि खनिज पदार्थांचे ते निरिंद्रिय, अशी ही विभागणी होती. युरोपीय भाषांतील मूळ संज्ञाही याच कल्पनेवर उभी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने ती रूढ केली. सजीवांच्या देहातील पदार्थ घडविण्यास एक विशेष ‘जीवनशक्ती’ लागते आणि म्हणून ते प्रयोगशाळेत घडविता येणार नाहीत, अशी त्या काळी समजूत होती.

१८२८ साली फ्रीडरिश व्होलर याने या समजुतीला धक्का दिला. अमोनियम सायनेट हा निरिंद्रिय समजला जाणारा क्षार तापविताना त्यास युरियाचे स्फटिक मिळाले. युरिया हा मूत्रातील घटक म्हणून तोपर्यंत ज्ञात होता. मूत्रपिंडावाचून युरिया तयार करता येतो, असे त्याने बर्झेलियसला पत्राने कळविले. एका प्रयोगाने जीवनशक्तीची कल्पना कोसळली असे पाठ्यपुस्तके सांगतात. वस्तुतः ती हळूहळू मावळली, आणि १८४५ साली कोल्बेने निरिंद्रिय पदार्थांपासून आरंभ करून ॲसेटिक आम्ल तयार केले तेव्हा तिला आणखी एक तडा गेला. परंतु व्होलरच्या प्रयोगाचे महत्त्व त्यामुळे उणे होत नाही.

आता हाच युरिया महाराष्ट्रातील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलासमोर ठेवून पाहावा. युरिया हे ‘रासायनिक खत’ आहे, हे त्यास लहानपणापासून माहीत असते. त्याच्या विरुद्ध बाजूस ‘सेंद्रिय खत’, म्हणजे शेणखत, गांडूळखत, कंपोस्ट. बाजारातील ‘सेंद्रिय गूळ’ आणि ‘सेंद्रिय भाजी’ या शब्दप्रयोगांनी तो अर्थ अधिकच घट्ट केला आहे. सेंद्रिय म्हणजे ज्यात रसायन नाही ते. असा अर्थ मनात रुजलेल्या विद्यार्थ्याला ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ हा शब्दच आपल्याशी विसंगत वाटला तर नवल नाही. त्यात शिक्षकाने सांगितले की प्रयोगशाळेत तयार झालेले पहिले प्रसिद्ध सेंद्रिय संयुग म्हणजे युरिया, तर गोंधळ पूर्ण होतो. रायगड जिल्ह्यातील थळ येथील कारखान्यात नैसर्गिक वायूच्या आधारे अमोनिया आणि अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांपासून युरिया तयार केला जातो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो सेंद्रिय आहे, कारण त्याचा रेणू कार्बनभोवती रचलेला आहे. शेतीच्या दृष्टीने तो सेंद्रिय नाही, कारण सेंद्रिय शेतीच्या प्रमाणकांत कारखान्यातील युरियास स्थान नाही. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोहोंत एकच शब्द दोन अर्थांनी आला आहे.

हिंदीत ही अडचण कमी जाणवते. तेथे रसायनशास्त्राच्या संदर्भात ‘कार्बनिक’ आणि शेतीच्या संदर्भात ‘जैविक’ असे दोन निराळे शब्द वापरतात. मराठीत ‘जैविक खत’ म्हटले की रायझोबियमसारखी जिवाणूखते डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे तो मार्गही खुला नाही. या पार्श्वभूमीवर शालेय पाठ्यपुस्तकाने ‘कार्बनी संयुगे’ ही संज्ञा स्वीकारली हे योग्यच झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. महाविद्यालयांनीही व्याख्यानांत व प्रश्नपत्रिकांत तीच वापरावी. मात्र संज्ञा बदलली म्हणजे गैरसमज आपोआप जातो असे नाही. वर्गात युरियाचे उदाहरण मुद्दाम घ्यावे, त्याचे दोन्ही अर्थ फळ्यावर लिहावेत आणि एक गोष्ट स्पष्ट सांगावी : गोमूत्रातील युरियाचा रेणू आणि गोणीतील युरियाचा रेणू यांत कोणताही भेद नाही. जमिनीचा कस, सेंद्रिय कर्ब, खताची मात्रा हे प्रश्न खरे आणि गंभीर आहेत. पण ते रेणूच्या जन्मस्थानाचे प्रश्न नाहीत. हा भेद ज्यास उमगला त्याला ‘केमिकलमुक्त’ असे लिहिलेल्या साबणाच्या वेष्टनाकडे पाहताना हसू येईल.

(कार्बन असूनही कार्बन डायऑक्साइड, कार्बोनेटे व सायनाइडे यांना निरिंद्रिय गटात ठेवतात. ही केवळ सोयीची वहिवाट आहे, हे विद्यार्थ्यांना सांगून टाकावे. तिचे तार्किक समर्थन करीत बसू नये.)

कार्बनच का?

शंभराहून अधिक मूलद्रव्यांपैकी एकाच मूलद्रव्याच्या संयुगांसाठी स्वतंत्र शाखा का असावी, हा विद्यार्थ्याचा स्वाभाविक प्रश्न होय. उत्तर दोन भागांत देता येते. कार्बनच्या बाह्यतम कवचात चार इलेक्ट्रॉन असतात. चार देऊन टाकणे किंवा चार घेणे, दोन्ही ऊर्जेच्या दृष्टीने महाग. म्हणून कार्बन इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतो आणि चार सहसंयुज बंध निर्माण करतो. इलेक्ट्रॉनांच्या जोडीने बंध बनतो ही कल्पना लुईसने १९१६ साली मांडली. कार्बनची संयुजा चार आहे आणि त्याचे अणू एकमेकांस जोडले जाऊन साखळ्या होतात, हे मात्र त्याच्या कितीतरी आधी, १८५८ साली, केकुले आणि कूपर यांनी स्वतंत्रपणे ओळखले होते. केकुलेच्या स्वप्नातील सापाची गोष्ट वर्गात नेहमी रंगवून सांगितली जाते. ती त्याने स्वतः १८९० साली, बेंझीनच्या सूत्रानंतर पंचवीस वर्षांनी, एका समारंभात सांगितली. १८५८ च्या निबंधाचा उल्लेख मात्र क्वचितच कोणी करते.

दुसरा भाग साखळीच्या टिकाऊपणाचा. सिलिकॉनचीही संयुजा चारच आहे, मग सिलिकॉनच्या लांब साखळ्या का नाहीत? दोन कार्बन अणूंमधील एकेरी बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते. दोन सिलिकॉन अणूंमधील बंधास सव्वादोनशेच्या आसपास पुरते. उलट सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्यातील बंधाची ऊर्जा साडेचारशेच्या घरात आहे. त्यामुळे सिलिकॉनला स्वतःशी जोडून राहण्यापेक्षा ऑक्सिजनशी जोडून राहणे श्रेयस्कर ठरते, आणि आपल्या पायाखाली वाळू व खडक आढळतात. कार्बनच्या बाबतीत त्याचा स्वतःशी, हायड्रोजनशी आणि ऑक्सिजनशी होणारा बंध असे तिन्ही बंध पुरेसे बळकट आहेत. ऊर्जेचे हे तीन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की ‘शृंखला बांधण्याची शक्ती’ हा शब्द पाठ करण्याची गरज उरत नाही.

याहून महत्त्वाची आणि दहावीच्या वर्गात जवळजवळ नेहमी हुकणारी बाब म्हणजे कार्बनचे चार बंध कोणत्या दिशांना असतात. फळा सपाट असतो, वही सपाट असते. म्हणून मिथेनचा रेणू अधिकाच्या चिन्हासारखा काढला जातो आणि विद्यार्थ्याच्या मनात तो तसाच राहतो. प्रत्यक्षात चार हायड्रोजन एका चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर असतात व कोणत्याही दोन बंधांमधील कोन सुमारे १०९.५ अंशांचा असतो. ‘चतुष्फलक’ हा शब्द सांगून चित्र दाखविण्यात काही अडचण नाही, परंतु ते असेच का मानायचे, हे दहावीच्या विद्यार्थ्यालाही पटवून देता येते. त्यासाठी कक्षकांच्या संकरणाची मुळीच गरज नाही. १८७४ साली व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी हा निष्कर्ष काढला तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता.

युक्तिवाद असा. मिथेनमधील दोन हायड्रोजनांच्या जागी दोन क्लोरीन घालू. रेणू सपाट चौकोनी असेल तर दोन क्लोरीन एक तर शेजारच्या कोपऱ्यांवर बसतील किंवा समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. म्हणजे डायक्लोरोमिथेन नावाचे दोन निरनिराळे पदार्थ मिळावयास हवेत, त्यांचे उत्कलनांक निरनिराळे असावयास हवेत. रसायनशास्त्रज्ञांना मात्र ते नेहमी एकच मिळाले आहे. चतुष्फलकात पाहा : कोणतेही दोन कोपरे निवडले तरी ते शेजारचेच असतात, समोरासमोरचे असे कोपरेच नसतात. म्हणून पदार्थ एकच. न दिसणाऱ्या रेणूचा आकार केवळ बाटल्यांची संख्या मोजून ठरविता येतो, याहून अधिक आनंददायी धडा शालेय रसायनशास्त्रात क्वचितच सापडेल. तो शिकविण्यास दहा मिनिटे लागतात. भिजविलेले वाटाणे आणि दातकोरण्या मिळाल्या तर प्रत्येक बाकावर रेणू तयार होतो. सारख्या फुगविलेल्या चार फुग्यांची तोंडे एकत्र बांधली तर ते आपोआप चतुष्फलकाच्या दिशांना पसरतात, हेही वर्गात करून दाखविण्याजोगे आहे.

एक सूत्र, अनेक पदार्थ

आकाराची ही जाण आली की समघटकता ओघानेच येते. व्होलरच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहावे. अमोनियम सायनेट आणि युरिया या दोहोंत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन आहेत. काही बाहेरून आले नाही, काही गेले नाही. केवळ अणूंची मांडणी बदलली. तो प्रयोग जीवनशक्तीपेक्षा समघटकतेच्या संदर्भात अधिक उद्बोधक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

शालेय पातळीवर त्याहून सोपे उदाहरण दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन यांचे. ऑक्सिजन साखळीच्या टोकाशी असून त्यास एक हायड्रोजन जोडलेला असेल तर तो पदार्थ इथेनॉल. ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये असेल तर तो डायमिथिल ईथर. पहिला ७८ अंश सेल्सिअसला उकळतो. दुसरा उणे २४ अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्या हवामानात वायुरूपच असतो. अणू तेच, संख्या तीच, आणि उत्कलनांकांत शंभर अंशांहून अधिक अंतर. संरचना हा रसायनशास्त्राचा अलंकार नसून तिच्यावर पदार्थाचे गुणधर्म अवलंबून असतात, हे येथे हातात पडते.

अल्केनांची समघटके मोजणे हा परीक्षेचा आवडता प्रश्न. ब्युटेनची दोन, पेंटेनची तीन, हेक्झेनची पाच, हेप्टेनची नऊ, ऑक्टेनची अठरा. दहा कार्बनांच्या डेकेनसाठी ही संख्या ७५ होते आणि वीस कार्बनांसाठी तीन लाख ६६ हजार ३१९. संख्यांची ही झेप मुलांना थक्क करते आणि कार्बनी संयुगे कोट्यवधी का, याचे उत्तर एका ओळीत मिळते. येथे होणारी ठरावीक चूक म्हणजे वाकवून काढलेली साखळी नवे समघटक म्हणून मोजणे. चार कार्बन सरळ रेषेत, इंग्रजी एलसारखे किंवा चौकोनाच्या तीन बाजूंसारखे काढले तरी तो एकच ब्युटेन असतो, कारण एकेरी बंधाभोवती अणू फिरू शकतात. ही चूक गुण कापून सुधारत नाही. वाटाण्यांचे प्रतिरूप हातात देऊन फिरवावयास सांगितले की सुधारते. सपाट चित्रावर वाढलेल्या मनाला त्रिमिती नव्याने शिकवावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

एका कार्बनाचे अंतर

क्रियात्मक गट आणि समजातीय श्रेणी यांचे अध्यापन बहुधा एका तक्त्याने होते : गटाचे नाव, त्याची संरचना, प्रत्यय, उदाहरण. समजातीय श्रेणीविषयी विद्यार्थी लिहितो की लगतच्या दोन सदस्यांत एक कार्बन व दोन हायड्रोजन एवढा फरक असतो, रेणुवस्तुमान १४ ने वाढते, भौतिक गुणधर्म क्रमाने बदलतात आणि रासायनिक गुणधर्म सारखे असतात. उत्तरास पूर्ण गुण मिळतात. परंतु ‘सारखे असतात’ या विधानाचा अर्थ नीट उलगडला नाही तर तो घातक ठरू शकतो.

मिथेनॉल आणि इथेनॉल हे अल्कोहोल श्रेणीतील पहिले दोन सदस्य. दोन्ही रंगहीन, दोन्ही पाण्यात मिसळणारे, वासानेही सामान्य माणसास वेगळे ओळखता न येणारे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालाडच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. अशा घटना देशात पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. एका कार्बनाच्या अंतराने हे कसे होते, हे दहावीच्या वर्गात सांगता येते आणि सांगावे, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

दोन्ही रेणूंवरील हायड्रॉक्सिल गट एकच असल्यामुळे यकृतातील एकच विकर दोहोंवर क्रिया करते. येथपर्यंत ‘रासायनिक गुणधर्म सारखे’ हे विधान अक्षरशः खरे आहे. इथेनॉलचे ऑक्सिडीकरण होऊन प्रथम इथेनाल आणि नंतर इथेनॉइक आम्ल तयार होते. हे आम्ल शरीराला परके नाही. व्हिनेगारमध्ये तेच असते आणि शरीर ते पुढे वापरून टाकते. मिथेनॉलचे ऑक्सिडीकरण त्याच मार्गाने होते, परंतु त्यातून मिथेनाल, म्हणजे फॉर्माल्डिहाइड, आणि नंतर मिथेनॉइक आम्ल निर्माण होते. मुंग्यांच्या डंखातील हेच ते फॉर्मिक आम्ल. मानवी शरीर त्याचा निचरा फार सावकाश करते. साठलेले आम्ल पेशींच्या श्वसनक्रियेत अडथळा आणते, दृष्टिचेतेस इजा करते, रक्ताची आम्लता वाढविते; परिणामी अंधत्व किंवा मृत्यू ओढवतो. म्हणजे मिथेनॉल विषारी ठरते ते अभिक्रिया वेगळी असल्यामुळे नव्हे. अभिक्रिया तीच असून तिचे उत्पादित वेगळे असल्यामुळे. रुग्णालयात यावर केला जाणारा एक उपचारही त्याच तत्त्वावर आधारलेला आहे. विकराला नियंत्रित मात्रेत इथेनॉल पुरवून किंवा फोमेपिझोल हे औषध देऊन अडवून ठेवले जाते, तेवढ्या अवधीत मिथेनॉल शरीराबाहेर जाऊ शकते. (हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयाचा असतो, हे सांगण्यास विसरू नये. वर्गात कोणी तरी ‘मग वरून दारू पाजावी का’ असे विचारणारच.)

हे विवेचन पाठ्यक्रमाबाहेरचे नाही. ऑक्सिडीकरण, क्रियात्मक गट, समजातीय श्रेणी, नामकरण या चारही उपघटकांची उजळणी एका प्रश्नात होते. इथेनॉलची दुसरी बाजू दाखविण्यास महाराष्ट्रात तर दूर जावे लागत नाही. साखर कारखान्यातील मळी, तिच्यातील शर्करेवर यीस्टमधील विकरांची क्रिया, किण्वन, ऊर्ध्वपातन आणि पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल ही साखळी अनेक विद्यार्थ्यांच्या गावातच पाहावयास मिळते. देशात २०२५ साली या मिश्रणाचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. ग्लुकोजच्या एका रेणूपासून इथेनॉलचे दोन व कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू मिळतात, हे समीकरण मळीच्या वासासह शिकणारा विद्यार्थी ते विसरणे कठीण.

असंपृक्तता : अढीतील आंबा

दुहेरी व तिहेरी बंधांची ओळखही अशीच परिचित पदार्थांतून व्हावी. कोकणात आंबा भाताच्या पेंढ्यात अढी घालून पिकवितात. पिकू लागलेले फळ इथीन वायू सोडते, पेंढ्यामुळे तो व ऊब दोन्ही कोंडून राहतात आणि शेजारची फळेही पिकू लागतात. इथीन हे वनस्पतींचे संप्रेरक आहे. दोन कार्बन, त्यांच्यामध्ये दुहेरी बंध आणि चार हायड्रोजन, एवढाच त्याचा विस्तार. व्यापारी घाई करू लागले तेव्हा कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या, म्हणजे बाजारात ज्यास ‘मसाला’ म्हणतात त्या, पेटीत ठेवण्याची प्रथा पडली. हवेतील ओलाव्याशी कार्बाइडची अभिक्रिया होऊन इथाइन निर्माण होते आणि ते काही अंशी इथीनसारखे कार्य करते. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसच्या संयुगांचे अंश असतात, हा त्यातील मुख्य धोका. देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनी या पद्धतीस बंदी घातली आहे. नियंत्रित कक्षात दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत इथीन वायू वापरण्यास मात्र परवानगी आहे. ‘नैसर्गिक’ व ‘कृत्रिम’ या शब्दांच्या पलीकडे जाऊन कोणता रेणू, किती प्रमाणात आणि कोणत्या अशुद्धींसह, असे प्रश्न विचारण्याची सवय येथे लावता येते. इथीनचेच असंख्य रेणू दुहेरी बंध उघडून एकमेकांस जोडले की पॉलिथीन होते, एवढा उल्लेख बहुवारिकांच्या आरंभासाठी पुरेसा आहे.

तेल व तूप यांच्यावर आयोडीन घालून असंपृक्तता तपासण्याचा प्रयोग शाळांतून केला जातो. त्याविषयी एक व्यावहारिक सूचना : टिंक्चर आयोडीनचा रंग फिका पडण्यास वेळ लागतो, म्हणून परीक्षानळी कोमट पाण्यात धरावी. तुपातही ओलेइक आम्लाचा अंश असतोच. त्यामुळे ‘तेलात रंग जातो, तुपात जात नाही’ असे उत्तर आधीच सांगून ठेवू नये. किती थेंबांचा रंग किती वेळात गेला, याची तुलना नोंदवून घ्यावी.

नामकरण केव्हा?

१८९२ साली जिनिव्हा येथे भरलेल्या परिषदेत कार्बनी संयुगांच्या पद्धतशीर नामकरणाचा पाया घातला गेला आणि १९१९ साली स्थापन झालेल्या आयुपॅकने ते काम पुढे नेले. कार्बनी रसायनशास्त्र तोवर अर्धशतकाहून अधिक काळ भरभराटत होते. नावे नंतर आली, रेणू आधी आले. वर्गात मात्र हा क्रम उलटा होतो, कारण नामकरणावर प्रश्न काढणे आणि ते तपासणे सोपे असते. प्रकरणातील नामकरण हा भाग शेवटी, संरचना काढण्याचा पुरेसा सराव झाल्यावर घ्यावा. त्याचे नियमही मग चार-पाच ओळींत आटोपतात.

मराठी माध्यमातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे आणि ती महाविद्यालयातच सोडवावी लागेल. मराठीत एकेरी बंधाचे संयुग ‘इथेन’, दुहेरी बंधाचे ‘इथीन’ आणि तिहेरी बंधाचे ‘इथाइन’. अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात दुहेरी बंधाच्या संयुगाचे नाव तो पहिल्यांदा वाचतो तेव्हा त्यातील स्वरांचा उच्चार तो लिहिल्याप्रमाणे करतो आणि तो उच्चार नेमका ‘इथेन’ असा होतो. म्हणजे असंपृक्त संयुग वाचताना त्याच्या मनात संपृक्त संयुग उभे राहते. ब्रोमीनच्या समावेशनाची अभिक्रिया त्याला मग अनाकलनीय वाटते, आणि अध्यापकास वाटते की याला काहीच येत नाही. प्रोपेन आणि प्रोपीन, ब्युटेन आणि ब्युटीन यांचेही तसेच. यावर उपाय अगदी साधा आहे. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात तिन्ही नावे देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत फळ्यावर लिहावीत, प्रत्येकाखाली संरचना काढावी, विद्यार्थ्यांकडून ती मोठ्याने म्हणवून घ्यावीत, आणि वाटाणे उरले असतील तर तिन्हींची प्रतिरूपे करवून घ्यावीत. दुहेरी बंधाच्या जागी दोन काड्या खोचल्यावर तो भाग फिरत नाही, हे विद्यार्थ्याच्या बोटांना कळते. भूमितीय समघटकतेचे पुढचे व्याख्यान तेथूनच सुरू करता येते.